जागा शिल्लक नाही

आधी नाक.
नाकातच माझा अर्धा तास जातो.
मग हनुवटी, मग डाव्या भुवईवर एक जुना वार,
तो कुणी केला हे मी कधीच ठरवत नाही.
पहिल्याच गावात लोखंडी टोप मिळतो
आणि हे सगळं त्याच्याखाली जातं.
तरीही.

दिवसभर मी दात करते.
वूच शहरात, ट्राम डेपोच्या मागे,
तळघरातल्या लॅबमध्ये,
कधीच न पाहिलेल्या तोंडांसाठी.
चिठ्ठी येते: वरचा, उजवा, चौथा. छटा ए-तीन. गुरुवारपर्यंत.
गुरुवारपर्यंत तो होतो.
एकवीस वर्षांत एकही दात मी अर्धा सोडलेला नाही,
हे इथे नोंदवून ठेवते,
कारण माझा भाऊ लुबोमिर म्हणतो,
बोग्ना, तुझं काहीच तडीस जात नाही.

तो शेवटापर्यंत खेळतो. प्रत्येक खेळ.
शेवटी येणारी नावांची लांबलचक यादीसुद्धा बघतो,
काकडीचं आंबट सूप भुरकत.
राक्षसाचं काय झालं, विचारलं तर म्हणतो,
“मेला.”
साठ तासांचा एक शब्द.

मला पहिला तास येतो.
पहिल्या तासात माझा हात धरणारं कुणी नाही.
जहाज फुटतं, वाळू, ओले बूट,
आणि म्हातारा कोळी वाकून म्हणतो,
“जिवंत आहेस तर!”
हे मी बत्तीस वेळा ऐकलंय
आणि बत्तीसही वेळा मला बरं वाटलंय.

मग विसाव्या तासाच्या आसपास
थैली जड होते.
किल्ल्या, कुठल्या दाराच्या कोण जाणे.
लागतील म्हणून जपलेली औषधं, जी कधीच लागत नाहीत.
कुणाला तरी म्हटलेलं असतं, अंगठी शोधून आणीन.
कुणाला तरी नुसतंच, येते.
जानेवारीत ताप येतो, किंवा लॅबमध्ये कामं तुंबतात,
आणि तीन आठवड्यांनी बघावं तर
मी एका पुलावर उभी, हातात मशाल,
पाऊस लागलेला,
आणि मला आठवत नाही
मी पूल ओलांडत होते की परत फिरले होते.

अशा वेळी दुसरं काय करणार.
नवा खेळ.
पहिले पाढे पंचावन्न.
नाक.

काल रात्री मात्र पडद्यावर आलं:
जागा शिल्लक नाही. एक जुनी नोंद पुसा.
बत्तीस जागा असतात म्हणे.
माझ्या धंद्यातल्या बाईला याचं हसू येणारच.
अख्खी बत्तिशी भरली होती
आणि एकही दात चावण्याच्या कामाचा नाही.

मग एकेक उघडत गेले. कुठला काढायचा?
चौथी, धर्मशाळेत, पैसे न देता झोपलेली.
नववी, लाल केसांची.
ते केस झेमोवितने निवडले होते,
तेव्हा तो अजून याच सोफ्यावर बसायचा.
ती लगेच बंद केली. पुसली नाही.
अकरावी, बारावी, तेरावी, तिघी एकाच विहिरीपाशी,
त्या महिन्यात मी काय करत होते?
आणि सतरावी, पुलावर.
दोन वर्षं त्याच पावसात.
मशाल विझलेली नाही. खेळात ती विझत नाही.

बटणं विसरले होते.
उडी मारायला गेले
आणि मशाल भिरकावली सरळ नदीत.
काळोख. मी मोठ्याने हसले,
वरच्या मजल्यावरच्या हाल्श्काबाईंनी
पाइपवर दोनदा ठोकलं.

तशीच चाचपडत निघाले.
पलीकडे एक फाटक होतं, फाटकात एक बाई,
म्हणाली, “उशीर केलास. अंगठी?”

थैली उपसली.
किल्ल्या, औषधं, कुणाचं तरी पत्र, किल्ल्या.
होती. तळाशी.
दोन वर्षं माझ्याकडेच होती.

तिने घेतली, बोटात घातलीसुद्धा नाही,
म्हणाली, आता डोंगरामागे माझा दीर आहे, त्याला
मी हो म्हटलं. म्हणजे बटण दाबलं.
बारा वाजून गेले होते,
सकाळी नऊला एक खालची दाढ द्यायची होती, छटा बी-एक,
आणि मशाल,
ती मात्र गेली ती गेलीच.