ऋणाची बाजू

डेकोराहच्या गॅरेजात, रात्री साडेअकराला,
मार्लिस चष्मा कपाळावर सरकवते.
धन आयन, ऋण आयन,
बेरजा सारख्या यायला हव्यात.
येत नाहीत. ऋणाची बाजू हलकी.
सव्वाचा फरक.

चाळीस वर्षं गिरणीच्या वह्या लिहिलेली बाई
रकान्या-रकान्यावरून बोट फिरवते,
सातूतले खडे वेचावेत तसं.
गॅलनचे लिटर कुणीतरी दोनदा केलेले.
(मीच.)
ती काही न बोलता खोडते.
फरक तसाच.

मग प्रयोगशाळेचा कागद दिव्याखाली.
सल्फेट, एकतीस.
आणि खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत:
गंधक म्हणून मोजले.

तीनने गुणायचं राहिलं होतं.
एकतीस नव्हे, त्र्याण्णव.
आणि आम्ही कमी समजून
वर चमच्या-चमच्याने जिप्सम घालत होतो,
तीन वर्षं,
आणि जिभेला घासणारा तो कडूपणा
गॉर्डीच्या हॉप्सच्या नावावर मांडत होतो.
मागच्या हिवाळ्याआधी त्याने वेल
मुळासकट उपटले.

ताळा जुळतो. रकाना हिरवा होतो.
मार्लिस फोन उचलते, ठेवते.
झोपला असेल, म्हणते.
पुन्हा उचलते.