आवक नोंद नाही

सांगलीच्या निबंधक कचेरीत
सत्तावीस वर्षं मी लग्नं लिहिली.
सगळी आठवत नाहीत.
जे लिहिलं नाही, ते एक आठवतं.

चौऱ्याऐंशी साल, मार्चअखेर.
यार्डात हळदीचे सौदे जोरात
आणि हरिपूरहून दोघी चालत आलेल्या,
गोजरा आणि बायाक्का,
पोत्यामागे मजुरी घेणाऱ्या.
साक्षीला एक हमाल आणि त्याची सासू.

मी विचारलं, वर कोण?
बायाक्का म्हणाली, वर आभाळ हाय, सायब.
गोजरा पदर तोंडाशी धरून हसली.
शिपाई हसला नाही. मीही नाही.

अर्जावर रकाने दोन.
दोघींनी वधूच्याच रकान्यात
दाटीवाटीनं अंगठे उठवले.
शाईत बुडवण्याआधीच
ते अंगठे पिवळे होते, नखाच्या मुळापर्यंत.
कुणी न लावता
बारा वर्षं हळद लागत होती त्यांना,
रोजंदारीवर.

साक्षीदार तीन लागतात, मी म्हणालो,
जसं काही तेवढंच कमी होतं.
गोजरा म्हणाली,
मग तिसरं तुमीच व्हा की.

अर्ज मी परत केला नाही. घेतलाही नाही.
टेबलाच्या काचेखाली पालथा सरकवला.

पुढे रेशनकार्डावर त्या बहिणी झाल्या,
दोन आडनावांच्या सख्ख्या बहिणी.
अक्षर आमच्याच कुणाचं तरी.

एकदा संगमावर कुणाच्या दहाव्याला गेलो होतो.
वाटेत पेव उघडलेलं.
गोजरा दोरीनं कंदील आत सोडत होती.
वात विझली तर खाली हवा नाही,
उतरायचं नाही.
बायाक्का काठाशी कंबरेला पदर खोचून उभी.
त्यांनी मला ओळखलं. बोलल्या नाहीत.
आम्ही तिघं त्या भोकात बघत राहिलो.
वात जळत होती.

पाच सालच्या पुरात पेवं बुडाली.
कुणी म्हणतं, पाणी पिवळं झालं होतं.
मला तो गाळच वाटला.
पुढच्या वर्षी गोजरा गेली.
दाखल्यावर पतीचे नाव : आडवी रेघ.
बायाक्का कुठे गेली, विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

अर्ज ट्रंकेत आहे.
उन्हात हळद उडते, म्हणून बाहेर काढत नाही.
काल रात्री दार लावून काढला,
तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली.
हात कापला थोडा.

तारखेपाशी अडलोय.
तेव्हाची घालू
की आजची?