पोलकं

मास्तरांच्या वहीत सोळा गाणी आहेत.
शब्द नाहीत, नोटेशन नाही,
नुसती नावं, आणि नावासमोर
कुठं सुचलं ते, पेन्सिलीनं.
वही आता माझ्याकडं असते, ढोलाच्या खोळीत.

वरातीत कोणीतरी विचारायचंच,
"कुठल्या पिक्चरचं ओ हे?"
मराठी वऱ्हाड असलं तर इराप्पा मास्तर म्हणायचे,
"कन्नड आहे, जुनं."
कन्नड वऱ्हाड असलं तर, "मराठी री, हळेदु."
दोन्हीकडचे मान डोलवायचे.
आपलं स्वतःचं म्हटलं की
पाचशे कमी देतात,
हे त्यांनी एकदा खरं बोलून बघितलं होतं.

पहिलं, पोलकं.
बेळगावात कँपातल्या पास्कू फर्नांडकडं
क्लॅरिनेटची पत्ती आणायला गेलेले.
त्यानं अकॉर्डियन उघडलं, बुटानं ठेका धरला,
एक-दो, एक-दो,
म्हणाला, ह्याला पोलका म्हणतात, लांबच्या मुलखातला नाच.
मास्तर म्हणाले, "पोलका?
तो तर आमच्या घरी शिवतात की."

आणि संध्याकाळच्या गाडीनं संकेश्वरला उतरले
तर सत्यव्वाकाकू मशीनवरच,
पायडल खाली वर, एक-दो, एक-दो,
भोवती दिवाळीची बारा पोलकी,
एकाला बाही नाही, एकाला गळा नाही,
ठिपक्यांचं तेवढं पुरं, त्याचं गिऱ्हाईक नडलेलं.
म्हणून त्या गाण्यात
दोरा तुटतो तिथं सगळे थांबतात.
काकू सुईत दोरा ओवतात तेवढा वेळ
मी एकटा.
धप्प. धप्प.
लोकांना वाटतं ढोलवाला चुकला.

निपाणी नावाचं एक आहे.
तंबाखूच्या वखारीपुढून वरात चाललेली,
बाबू ऐवळेला शिंक आली, ऐन वरच्या सुरात.
मास्तरांनी ती ठेवून घेतली.
बाबू गेला त्याला सात वर्षं झाली.
त्याचा पोरगा त्या जागी
बापाची शिंक वाजवतो, पितळेतून.

'बर्री बर्री' हुक्केरी स्टँडवरचं,
बस मागं घेताना कंडक्टर पत्रा बडवतो ते.
'मिरची' एकदाच वाजवलं.
नवऱ्याचे मामा नाचता नाचता गटारात पडले,
आमचे निम्मे पैसे बुडाले.
नवव्या नावासमोर नुसतं खोडलंय, कागद फाटेपर्यंत.
विचारलं नाही मी.

बोर्डांना डांबर फासायचे त्या साली
आमच्या गाडीच्या एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड.
येताना एक बाजू काळी झाली,
जाताना दुसरी.
नाक्यावर फौजदारानं टॉर्च मारला,
"बँड याव भाषेदु?"
मास्तर म्हणाले, "पितळेचा, साहेब."
गाडीत आम्ही हसून हसून मेलो, ते सोडून.
मी म्हटलं, ह्याच्यावर एक बसवा की.
म्हणाले, "नाचणार कोण त्याच्यावर?"

परवाचीच गोष्ट.
घटप्रभेला लग्न, आमची पाळी जेवणानंतर.
मुलीकडचा बँड गोकाकचा,
सगळी पोरं, लाल कोट, नवीन ट्रम्पेटं.
आणि त्यांनी पोलकं धरलं.
मी हातातली पत्रावळ खाली ठेवली.
माझ्या जागी सगळे थांबले,
त्यांचा ढोलवाला एकटा,
धप्प. धप्प.
जराही घाई न करता.

मास्तर काठी टेकत गेले,
त्या पोराला विचारलं, कुठल्या पिक्चरचं रे?
पोरगं ओठ पुसत म्हणालं,
"गोत्तिल्ल री. हळेदु."
मास्तरांनी त्याच्या लाल कोटाला
पन्नासाची नोट लावली.
पिन नव्हती, स्वतःच्या शर्टाची काढली.
घरी येईपर्यंत शर्ट उघडाच.

काकूंना मीच सांगितलं सगळं.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"दोरा तुटला का त्यांचा?"
तुटला, म्हटलं.
"मग बरोबर," म्हणाल्या,
"आणि ह्यांच्या शर्टाचं बटण कुठं गेलं?"