पायी, मुभेने

भूमापन खात्यात तेहतीस वर्षं साखळी ओढली.
पायवाटेला तेव्हा तुटक रेघ असायची,
आता फोनच्या नकाशातही तुटकच.
मधल्या मोकळ्या जागांत कोण चालतं
हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

सकाळी सातला निघतो हळदोण्याच्या खालच्या वाड्यावरून,
खाजनाचा बांध धरून.
मानशीपाशी शेवाळ, पाय जपून.
फोन विचारतो : इथून पायी जाता येतं का?
उत्तरंही त्याचीच :
हो, नाही, खाजगी, मुभा.
'कधी कधी'ला जागा नाही.
'कोण विचारतंय'लाही नाही.

टेकडीवरच्या नव्या बंगल्याचं काळं फाटक
विजेवर सरकतं.
रखवालदार झारखंडचा, भला माणूस,
मला खुर्ची देतो, वाट देत नाही.
आत, त्यांच्या निळ्या तलावाच्या बरोबर खालून
बहात्तर सालच्या शीटवरची माझ्याच हातची रेघ
झरीकडे जाते.
मी लिहिलं : फाटक. बंद. खाजगी.
बोट जरा थांबलं.
जे आहे तेच लिहायचं, असायला हवं ते नव्हे,
हा नियम नव्या पोरांना मीच शिकवतो,
चांगला आवाज चढवून.

रेश्मा गांवकार अंथरुणाला खिळलेल्यांचे
सांधे हलवायला घरोघर जाते.
दुसऱ्या दिवशी फोनने तिला
सव्वादोन किलोमीटरचा वळसा घातला.
"काका, आधी फाटकाशी नेऊन उभी करायचा.
आता उन्हातून फिरवतो.
पण खोटं बोलत नाही हो."
हे कौतुक की काय, अजून ठरवतोय.

दुसरी वाट एस्पेरान्सा मास्कारेन्हसच्या अंगणातून,
बल्कांवाच्या पायऱ्या घासून.
बांबूचं कवाड, कवाडाला दोरी,
दोरीला गाठ नाही.
शाळेची पोरं जातात, मानशीवरचा कुष्टा जातो,
एकदा कुणाचीशी म्हैस गेली.

"ही वाट तुमची?"
"वाट कोणाची असते? जमीन माझी."
"मग लिहू? मुभा म्हणून?"
"बरोव नाका."
चष्मा पुसत म्हणाली,
लिहिलंस की कुणीतरी वाचणार.
लिस्बनचा पुतण्या वाचणार.
तो वकील धाडेल, वकील कुलूप धाडेल.
ही सगळी जातात ना,
ती मी बघत नाही म्हणून जातात.
एकेचाळीस वर्षं बघत नाही.

कोर्टात याला वहिवाट म्हणतात :
उघडपणे, विनाखंड, वीस वर्षं.
मला कलम तोंडपाठ होतं.
तोंड उघडलं नाही.
तिने लिंबाचं पाणी आणलं,
मीठ जास्त पडलेलं.

घरी येऊन वाट काढली
इकडून तिच्या कुंपणापर्यंत,
तिकडून तिच्या कुंपणापर्यंत.
मधली एकतीस पावलं कोरी.
पोरांपैकी कुणी चूक दाखवलीच
तर म्हणेन, म्हातारा झालोय, राहून गेलं.

आता तिथे फोन म्हणतो : पुढे वाट नाही.
रेश्मा तो पिशवीत टाकते,
कवाड उचलते, आत जाते,
मागे वळून लावते,
आणि दोरी
होती तशीच अडकवते, गाठ न मारता.