गड्ड्याच्या आधी, नंतर

सोमवार. जवसाचं तेल जडावलेलं.
बाटली काखेत धरून बसलो,
करड्या रंगाचा एक हात मारला, तेवढंच.

मंगळवारी काही नाही.
म्हणजे, बोटांना ऊब येईतो
ऊन साखर पेठेपलीकडं गेलं.

खाली येमूलांचे माग. त्यांच्या धडधडीनं
ईझल थरथरतं, रेघ हलते.
शिव्या घालत घालतच नरसम्माचा खांदा आला,
विड्या वळताना झुकतो तसा.

गड्ड्याच्या सुट्टीत माग थांबले.
आता रेघ सरळ येईल.
आली. सरळ, मेलेली.
सुरीनं खरवडली.

आज पहाटे पुन्हा खटखट.
नरसम्मानं शेगडीतले दोन निखारे वर आणले.
"माझं झालं का?"
हात राहिलेत, म्हटलं.
"ते कुठं थांबतात, बाबा."

निखारे विझेतो
नुसतं सूप झालं.