उरलेली अक्षरं

मिनिटभर बोलू नका, म्हटलं,
आणि एक डोळा सेकंदकाट्यावर, एक तिच्या छातीवर.
अठ्ठावीस.
पुन्हा मोजले. तीस.
फरक दोन श्वासांचा,
पण तिसाला एक गुण चढतो.

वय?
आधारवर एक जानेवारी,
तिच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांसारखी.
"कोयनेचा भूकंप झाला तवा
धाकट्याला काखंला मारून पळाले की मी."
म्हणजे तेव्हा सात? नऊ?
पासष्टालाही एक गुण असतो, लगमव्वा,
तू अलीकडची की पलीकडची?

वार विचारला. शुद्ध तपासायची असते.
"बाजाराचा," म्हणाली,
"अन् हितं बसून माझी भाजी ऱ्हायली."
गुण शून्य.

पाठीला नळी लावली.
उजवीकडे, खाली,
वाळलं पान मुठीत चुरडावं तसा आवाज.
निपाणीच्या वखारीत चाळीस वर्षं
तेच तर केलं तिनं.

सुनेनं पदराची गाठ सोडली.
मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पट्टी,
कात्रीनं कापलेली, तीन खोबणी रिकाम्या,
मागे अक्षरं उरलेली एवढीच: सिन.
अझिथ्रोमायसिन? लिव्होफ्लॉक्सासिन?
दोघांचं शेपूट सारखंच.
दुसरी असेल, आणि आत क्षय असेल,
तर तीन दिवस आपणच त्याला पांघरूण घातलं.

बेडका डबीतून बेळगावला जाईल.
परवा नाव येईल. आलं तर.
तोवर थांबायचं नसतं.
तक्त्यात रकाने आहेत: घरी, वॉर्डात, अतिदक्षता.
लगमव्वा दोन रकान्यांमधल्या रेघेवर
पाय सोडून बसलेली.

"पूर्वी सुईनं अंगावर गांधी उठल्या होत्या?"
"इल्ला," सून म्हणाली.
"न्हाई," ती म्हणाली.
तेवढ्यावर मी सही केली.

सेफ्ट्रियाक्सोन शिरेतून, जोडीला डॉक्सी.
लिव्हो नाही. क्षयाचा निकाल येईपर्यंत तरी नाही.
चार वाजून दहा, सिस्टरनं केसपेपरवर लिहिलं,
आणि थेंब सुटला.
रात्री दोनदा उठून मी वॉर्डात गेले,
औषध पाहायला की माझा अंदाज, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला.
क्षय नाही.
कल्चरच्या कागदावर शिक्का: वाढ नाही.
"कशानं झालंतं गं?"
नाव कळलं नाही, म्हटलं.
"नाव कळल्याबिगर मारलंस व्हय त्याला?"
हसली, हसताना खोकली,
आणि माझी नजर घड्याळाकडे गेली.
बावीस.
चोवीस असतील.