सावल्यांची सेटिंग

आग्रा रोडला आमचं दुकान. वर पत्रा, आत एक एसी,
तोही मे महिन्यात धुळ्याला घाबरून असतो.
भामरे मामा आले तेव्हा साडेतीन वाजले होते,
म्हणजे गिऱ्हाईक येत नाही अशी वेळ.
मागे चैताली, ओढणीने तोंड बांधलेली,
नुसते डोळे, आणि ते थेट काउंटरवरच्या दोन लॅपटॉपांवर.

"भाऊ, दोन्ही सारखाच दिखतस.
मंग अठरा हजारना फरक कसाना शे?"

हे मला रोज सांगावं लागतं. सांगतो ते असं:
ह्यात हिशेब करणारा आणि चित्र काढणारा
एकाच घरात राहतात, एकाच डब्यातलं पीठ,
पाहुणे आले की भाकरी वाटून खायची.
आणि ह्याने वेगळी चूल मांडलीय.
पीठ वेगळं, सरपण वेगळं,
धूरही वेगळा.

वेगळ्या चुलीवर मला कमिशन जास्त मिळतं,
ते सांगत नाही.

मामा एसटी डेपोत मेकॅनिक.
चुलीचं त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली नाही.
डेमोचा लॅपटॉप उचलला, गेम चालू असतानाच उलटा केला,
खालच्या जाळीवर तळहात ठेवला
आणि डोळे मिटून पंखा ऐकत राहिले.
"इंजिन मोठं तर गरमी मोठी. ती जास कोठे?"
सात वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मी कडेची फट दाखवली.
त्यांनी तिथे करंगळी धरली.
"बारीक शे," म्हणाले.

चैतालीने ओढणी सोडली.
"ह्या स्वस्तवाल्यात रॅमची दुसरी जागा रिकामी आहे ना?
दोन पट्ट्या टाकल्या तर तोही पळतो."
पळतो, म्हटलं.
"किती?"

इथे मी नेहमी खोटं बोलतो.
पण नेमकी लाइट गेली, एसी गप्प झाला,
आणि मामांनी विचारलं,
"तुन्हा घर कोणता शे?"

माझ्या घरी स्वस्तवालाच. चार वर्षं जुना.
देवपुरात, रात्री अकरानंतर,
गेम सुरू केला की आधी सावल्या बंद करतो.
मग गवत.
मग पाण्यातलं प्रतिबिंब.
मग लांबचे डोंगर धुक्यात ढकलून देतो.
एवढं काढून टाकलं की उरलेलं नीट पळतं.

"पण सावली काढली," चैताली म्हणाली,
"की गाडी रस्त्याला टेकत नाही. तरंगते."

मामा तिच्याकडे बघत राहिले.
तीस वर्षं ते बसखाली उताणे पडलेत.

विचार करून येतो म्हणाले.
असं म्हणणारे येत नाहीत.

हे पगाराच्या दुसऱ्या दिवशी आले.
रबर लावलेल्या नोटा, त्यात वरच्या पाच हजार
चैतालीच्या शिकवणीच्या, वेगळ्या घडीच्या.
वेगळ्या चुलीचाच घेतला.
चार्जर मामांनी हातात तोलला:
"हाई ते ईट शे."

महिन्याने तिचा फोन. मी तक्रारीची वही ओढली.
खेळताना बॅटरी दीड तासही टिकत नाही.
पंखा पिठाच्या गिरणीसारखा.
मांडीवर ठेवायची सोय नाही.
"आणि काल पप्पांना बस चालवायला दिली."
गेममधली?
"हो. घाटात मध्येच थांबवली.
खाली उतरता येईना, तर मला कॅमेरा खाली न्यायला लावला,
पार चाकांपाशी. आणि सावलीत बघत बसले."
काय म्हणाले?
"म्हणाले, ऑइल गळत नाही."

त्या रात्री मी सावल्या चालू केल्या.
भिंत अजून तापलेली होती.
गाडी अकरा फ्रेमवर आली,
धक्के खात, अडत, वळणावर चित्रासारखी गोठत,
पण रस्त्यावर.